मांजरीची रेघ

स्वारगेटला आमच्या शेजारी राहणाऱ्या कांबळेबाईंनी बेल वाजवली आणि मी दार उघडलं, की नमस्काराआधी आकडा येतो. "अकरा सेकंद. झोपला होतास?"

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे फोन जोडून द्यायच्या. लाइनीत खोट कुठे आहे ते त्या आवाजावरून सांगत. निवृत्तीनंतर घरचं इंटरनेट अडखळू लागलं, तेव्हा तक्रार ऐकणाऱ्या मुलाला त्यांनी विचारलं, "अहो, स्लो म्हणजे किती? आकडा सांगा." त्याच्याकडे आकडा नव्हता. मी आयटीतला, म्हणून मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक कमांड चालवून दिली. काळ्या पडद्यावर दर सेकंदाला एक हाक जाते, समोरून ओ येते, आणि मध्ये किती वेळ गेला त्याची रेघ उमटत राहते.

बाई हरखल्याच. भाजी निवडता निवडता निदान करायच्या. "आपल्या गल्लीतली वायर आजारी आहे. पुढे सगळं ठणठणीत." तक्रारवाले त्यांचा आवाज ओळखून थेट साहेबांना फोन जोडून द्यायला लागले.

एकदा पडद्यावर दुसरी रेघ दिसली.

"ही कुणाची?"

"मांजरीची. हडपसरच्या पुढचं मांजरी गाव, तिथल्या सुमनच्या घरची."

सुमनताई एक्स्चेंजमध्ये बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. डबा एकच. मग सुपरवायझरची जागा सुमनताईंना मिळाली आणि बोलणं बंद झालं, ते आजपर्यंत. आता त्या एकट्या राहतात. त्यांच्या राउटरचा नंबर बाईंनी सुमनताईंच्या सुनेकडून गुपचूप मिळवला होता.

"नुसतं बघते," बाई म्हणाल्या. "सकाळी ओ आली की बरं वाटतं."

गेल्या मंगळवारी सकाळीच त्यांनी माझी बेल दाबून धरली. "कालपासून मांजरीची ओ नाही. सूनही फोन उचलत नाही. गाडी काढ."

"सुमनताईंनाच फोन करा ना."

"काय म्हणून करू? गाडी काढ."

हडपसर ओलांडेपर्यंत स्कूटरवर मागे बसलेल्या बाई प्रत्येक सिग्नलचे सेकंद मोजत होत्या.

दार सुमनताईंनीच उघडलं. डोक्याला फडकं, हाताला रंग. भिंती रंगवायला काढल्या होत्या आणि राउटर वायर काढून कोपऱ्यात ठेवला होता.

"इकडूनच चालले होते," कांबळेबाई म्हणाल्या.

"स्वारगेटहून?"

सुमनताईंची नजर खाली गेली. मीही तेव्हाच पाहिलं. बाईंच्या एका पायात चामड्याची चप्पल होती, दुसऱ्यात बाथरूममधली रबरी.

सुमनताईंनी खुर्चीवर पसरलेली वर्तमानपत्रं उचलली.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."