निळ्याचं झालं हिरवं

शाळा सुटल्यावर धाकटीने दप्तरातून ताईची इवलीशी बाटली काढली, तिच्यावर जांभळा टॉर्च मारला आणि ती दचकलीच. सकाळी निळीशार चमकणारी बाटली आता पोपटासारखी हिरवी चमकत होती!

ती धापा टाकत ताईच्या प्रयोगशाळेत पोचली. बाटली बघून ताई किंचाळली.

"काय केलंस गं भवाने?"

"काही नाही! वर्गात फक्त दाखवली."

"कुणाला?"

"सगळ्यांना. आणि शेजारच्या तुकडीला. सगळ्यांनी मुठीत धरून बघितली. मग बाई आल्या, म्हणून खिडकीत उन्हात लपवली."

"उन्हात! अगं, पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचे कण आहेत ते. डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक, म्हणून तर निळे चमकतात. ऊब लागली, ऊन लागलं की एकमेकांना चिकटून मोठे होतात. आणि मोठे झाले की हिरवे!"

"पण मी काही खाऊ घातलं नाही गं त्यांना!"

"गप! आत्ता दिव्यांच्या कंपनीच्या पाहुण्या येतायत. निळा दिवा करायचं काम कुणाला द्यायचं, ते आज ठरणार आहे."

धाकटीने बाटली गदागदा हलवली, कण सुटे होतील म्हणून. मग बर्फात बुचकळली, आक्रसतील म्हणून.

"तू आक्रसतेस का बर्फात?" ताई रडकुंडीला आली.

एवढ्यात ताईचे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख, आले. ज्यांची पावलं वाजली की यंत्रंसुद्धा गपगार होत, ते सर आज चक्क चवड्यांवर आले आणि हळूच दार लावून कुजबुजले, "तुझी निळी बाटली जरा दे ना. माझी... म्हणजे सासूबाईंना दाखवायला घरी नेली होती. त्यांनी ती शेगडीजवळ ठेवली."

त्यांनी खिशातून बाटली काढली. हिरवीगार! ताईने आपली शेजारी ठेवली.

दार वाजलं. पाहुण्या बाई आत आल्या. "निळी बाटली कुठाय?"

सरांनी ताईकडे बघितलं, ताईने धाकटीकडे. धाकटीच्या पोटात काय राहतंय! वर्ग, खिडकी, उबेने चिकटलेले कण, बर्फ, सगळं एका दमात सांगून झालं आणि वर सासूबाईंची शेगडीही. सरांचे कान लालबुंद झाले.

बाई हसून हसून बेजार. डोळे पुसत त्या ताईला म्हणाल्या, "बिघडतं कसं ते तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. काम तुमचंच. मात्र निळं निळंच राहिलं पाहिजे."

"राहील," ताई म्हणाली. "पण त्याची चाचणी कुठे घ्यायची?"

बाईंनी धाकटीकडे बोट दाखवलं. "हिच्या वर्गात पाठवा. तिथे टिकलं तर जगात कुठेही टिकेल!"