तात्यांच्या गाडीचा निळा धूर

“धूर पांढरा आहे,” तात्या म्हणाले.

“बाबा, निळा आहे,” लेक म्हणाली.

चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाला पोटच्या पोरीने रंग शिकवावेत, याचा तात्यांना राग आला. तो बोलून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सायलेन्सरमधून धुराचा लोट आला आणि ते खोकत सुटले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा म्हणजे आत पाणी जातंय आणि निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं त्यांना पाठ होतं. म्हणून तर धूर पांढरा असणं भाग होतं. कारण लेकीने बजावून ठेवलं होतं, की शनिवारी मेकॅनिक येईल, आणि इंजिन गेलंय म्हणाला तर गाडी सरळ भंगारात द्यायची.

गाडी सत्तावीस वर्षांची होती. मागची काच हाताने ढकलून वर करावी लागे आणि हॉर्न वाजला तर फक्त डावीकडे वळताना वाजे. पण रोज संध्याकाळी पाचला तात्या माईंना तिच्यातून तळ्यापर्यंत फिरवून आणत. घरात या नवराबायकोचं बोलणं म्हणजे गॅस बंद केला का आणि किल्ली कुठे ठेवली, इतकंच. गाडीत बसल्यावर मात्र माईंना कंठ फुटायचा. मैत्रिणींची भांडणं, लहानपणीची शाळा, पहाटे पडलेलं स्वप्न, काय वाट्टेल ते. तात्यांना आपली बायको खरी भेटायची ती त्या पाऊण तासात. आता हे बहात्तराव्या वर्षी लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा धूर पांढरा म्हणणं सोपं.

मागे एकदा मेकॅनिक सर्वांसमोर म्हणाला होता, की जुनं इंजिन आहे, ऑइल कमी पडलं तर संपलंच म्हणून समजा. ते तात्यांनी मनावर घेतलं. माई आंघोळीला गेल्या, की ते बॉनेट उघडून गुपचूप थोडं ऑइल ओतून येत. ऑइल मोजायची दांडी ओढून पातळी बघायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. रिपोर्ट न उघडताच औषध घेणारी माणसं असतात, तात्या त्यांतले. तेवढं करूनही धूर वाढतच होता, आणि धूर वाढला की तात्या ऑइल वाढवत होते.

मग जळका वासही यायला लागला. पहिल्या दिवशी तात्यांनी शेजाऱ्यांचं दूध उतू गेलंय म्हणून सांगितलं. वास तळ्यापर्यंत सोबत आला तेव्हा शेजाऱ्यांवर ढकलता येईना. बुधवारी एका मोटारसायकलवाल्याने पाठलाग करून गाडीला आग लागल्याचं कळवलं. तात्यांनी त्याचे आभार मानले आणि गाडी तशीच पुढे नेली. तळ्याकाठी बसलेली माणसं धुराने उठून गेली, तर माई म्हणाल्या, बरं झालं, बाक तरी मोकळा मिळाला. एरवी धुळीच्या कणाने शिंकणारी ही बाई एवढं सगळं निमूट कसं सोसते, हा प्रश्न तात्यांना पडायला हवा होता. पडला नाही.

शनिवारी मेकॅनिक आला, लेकही आली. त्याने दांडी ओढली, पुसली, पुन्हा घालून ओढली आणि बराच वेळ बघत राहिला. तात्यांनी डोळे मिटून घेतले. मेकॅनिक गाडीखाली शिरला, खालचा नट सोडला आणि ऑइल काढायला लागला. त्याचा ट्रे भरला. मग त्याने माईंकडे बादली मागितली.

“काका, हे इंजिन साडेतीन लिटरचं,” तो बाहेर येऊन म्हणाला. “आत सहा लिटर होतं. इंजिन धडधाकट आहे, पण त्याला अजीर्ण झालंय. जास्तीचं ऑइल वर चढून जळतंय, सायलेन्सरवर गळतंय. घालतं कोण एवढं?”

तात्यांनी हळूच बोट वर केलं. थोडं थोडंच घालत होतो, अर्धा लिटर गेलं असेल फार तर, म्हणाले.

“तुम्ही झोपलात की दुपारी मीही घालायचे,” माई पदराला हात पुसत म्हणाल्या. “तिला काही झालं असतं तर तुम्ही कुठे नेलं असतं मला? घरात तर तुम्ही पेपरातून डोकं काढत नाही.”

तात्या बायकोकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं होतं, हा पाऊण तास फक्त आपल्यालाच हवाय.

मेकॅनिकचा हिशेब अजून जुळत नव्हता. काकूंचाही अर्धा लिटर धरला तरी दीड लिटर उरत होतं. तिघांनी लेकीकडे पाहिलं. गेला महिनाभर ती धुराची पाहणी करायला दर रविवारी येत होती. एरवी तिला महिन्यातून एकदा सवड मिळायची.

“दर वेळी थोडं घातलं,” ती खाली बघत म्हणाली. “भंगाराचं बोलले ते तुमच्या काळजीने, पण गाडी जायला मलाही नको होती. घरी फोन केला की तुम्ही दोघं बरं आहे म्हणता आणि ठेवता. गाडीत असलात की आई हसताना ऐकू येते.”

तात्यांचा चष्मा धुरकटला. तो त्यांनी काढून पुसला, आणि आज तिथे धूर नव्हता.

मेकॅनिकने बजावलं, की यापुढे ऑइलला एकानेच हात लावायचा, तोही दांडी बघून. काकांनी आणि काकूंनी बॉनेटजवळ फिरकायचं नाही, ताईंनी येऊन बघायचं. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

“आठवड्याला बघितलं तर इंजिनाला काही अपाय नाही ना?” माईंनी अगदी काळजीने विचारलं.

मेकॅनिकने माईंकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“नाही काकू,” तो म्हणाला. “या इंजिनाला दर आठवड्यालाच बघावं लागेल.”