पान बेचाळीसवरचा दगड

चारला पाहुणे येणार होते आणि साडेतीनला मोतीराम मागच्या दारी बसून दगड पुसत होता.

माणूस कारखान्यात कारकून, पण वाचनालयातून आणलेलं दगडधोंड्यांचं पुस्तक आठवडाभर रहस्यकथेसारखं वाचत होता. नाशिकच्या पोटात लाव्ह्याचे थर आहेत, गोधड्यांसारखे एकावर एक. मधे कुठे कुठे भाजून तांबडी झालेली माती. तिचा दगड जिभेला चिकटतो, असं पान बेचाळीसवर लिहिलं होतं.

"अहो, आज नको!" लताबाई ओरडली. "मुलगा मालिनीला पसंत करून गेलाय, आता आईबाप घर बघायला येतायत. मागचं स्थळ तुम्ही त्यांच्यासमोर पाटा फोडलात म्हणून पळालं."

"फोडला नाही, आतली बाजू बघितली."

"चाटायचं ते उद्या चाटा!"

"एकदाच," म्हणत मोतीरामानं जीभ लावली. चिकटली! तेवढ्यात बोळातून मुलाचे आईबाप, देवळ्याचे पुंजाराम आणि सुलाबाई, थेट मागच्या दारी उगवले. एसटी नेमकी आज लवकर पोचली होती.

"दाढ दुखतेय त्यांची," लताबाईनं ठोकून दिलं. "गार दगड लावलाय."

"अंऽ," मोतीराम म्हणाला.

"अगं बाई! लवंग धरा." सुलाबाईंनी दगड बाजूला करून पिशवीतली लवंग त्याच्या दाढेखाली कोंबली. सगळे आत बसल्यावर मालिनीनं पोहे आणले, तर त्याची बशी त्यांनीच परत पाठवली. "शेंगदाणे लय कडक हायेत, त्यांना नको." मालिनीनं हसू दाबायला पदर तोंडात धरला. मोतीराम इतरांचे पोहे बघत, दगड मुठीत लपवून बसला.

पुंजारामांची नजर त्या मुठीवर होती. "दावा बरं."

मोतीरामानं घाबरत दगड दिला. पुंजारामांनी तो फिरवला, फुंकला आणि सरळ जिभेला लावला.

"चिकटला की! आमच्या विहिरीत तीस हातांवर हाच लागला व्हता!"

"पान बेचाळीस!" मोतीराम किंचाळला. लवंग उडाली. दोघं पुंजारामांची बशी घेऊन मागच्या दारी पळाले.

लताबाई रडकुंडीला आली. "ताई, दाढ दुखत नाही त्यांची. ते असंच करतात. पण पोरगी शहाणी आहे हो!"

सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. "मला काय सांगता? गाडीत बसायच्या आधी यांचे खिसे झाडले, तीन दगड निघाले. मागच्या ठिकाणी यांनी लोकांची भिंत चाटली, पोराचं जमलेलं मोडलं."

मग त्या मालिनीकडे वळल्या. "असल्या माणसाच्या घरात वाढलीस? मग तुला नव्यानं काय शिकवायचं! पसंत."

मागच्या दारातून आवाज आला, "व्याही, आता हा काळा चाटा!"