महाराणीला सुटलेलं पाणी

ज्या वेली सकाळी उपटायच्या, त्या धाकट्याने आदल्या दुपारीच छाटून ठेवल्या. "यंत्राला आत शिरायला वाट नको का?" असं त्याने आत्याला सांगितलं.

जात लाल वाईनच्या द्राक्षांची, पण नखरे असे की त्याचे वडील तिला 'महाराणी'च म्हणत. साल पातळ, घड गच्च. हवा दमट झाली की बुरशी, ऊन वाढलं की करपणार, पाणी जास्त झालं की नुसती पानं. वडिलांनी तीस वर्षं तिची मर्जी सांभाळली. एवढी बायकोचीही नाही. ते गेले आणि धाकट्याने वर्षभरातच हात टेकले.

सकाळी दाट धुकं होतं. यंत्रवाल्याला घेऊन तो मळ्यात शिरला आणि थबकला. टप्. टप्. पाऊस नाही, वारा नाही, पण छाटलेल्या प्रत्येक काडीच्या टोकातून पाणी गळत होतं. एक गार थेंब त्याच्या मानेवर पडला.

यंत्रवाल्याने टोपी काढली. "साहेब, रडणाऱ्याच्या अंगावर मी यंत्र घालत नाही," म्हणून तो जो निघाला तो मागे वळलाच नाही.

मागून आत्या आली. "दादा रडतोय," ती हळूच म्हणाली.

धाकट्याने मानेवरचा थेंब पुसला. "मग मी काय करू?"

"माफी माग."

"एकेका वेलीची?"

"नाहीतर काय, सगळ्यांना मिळून नोटीस लावणार आहेस?"

तो हात जोडत निघाला. तिसऱ्या ओळीत मात्र तो एका वेलीपाशी खाली बसला. "मला जमणार नाही याची भीती वाटते हो, बाबा," तो म्हणाला. हे तो त्यांच्या उशाशी बसूनही बोलला नव्हता. "पण नाही उपटत. शब्द देतो."

आत्याने सुस्कारा सोडला. "सुटले बाई! अरे, थंडी सरली की छाटलेली वेल दर वर्षी अशीच गळते. मुळं जागी होतात, पाणी वर चढतं. तू कधी सकाळी उठून मळ्यात आलास तर कळणार ना!"

"म्हणजे तू मला..."

"बनवलं. दुसरा इलाज होता का?" ती हसत एका काडीवर वाकली. "छाटलंयस मात्र थेट दादासारखं. कोंबाचे दोन डोळे राखून, काप डोळ्यापासून उलट्या बाजूला उतरता. कधी शिकवलं त्याने?"

"कधीच नाही. त्यांनी मला कात्रीला हातही लावू दिला नाही. काल मी कशीही चालवत होतो, तीच आपली वळत होती."

आत्याचं हसू मावळलं. टप्. टप्. तिने धुक्यात इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्या वेलीपाशी जाऊन मुकाट्याने हात जोडले.