हळद लावलेल्या मुंग्या

मन्सूरभाईंची सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली होती. त्यामुळे शेवयांच्या डब्याला मुंग्या लागल्या, तेव्हा ते शेजारच्या दिगंबररावांना म्हणाले, "मुंगी ती काय हो? उद्या एक दिसणार नाही."

डबा मात्र साधा नव्हता. त्यांच्या बायकोने, हुस्नबानूने, जाण्याआधी हाताने वळलेल्या त्या शेवटच्या शेवया होत्या. ईद तोंडावर आली होती आणि शिरखुर्मा तिच्याच शेवयांचा करायचा होता. म्हणून औषधाचा फवारा नको. हळदीचा रंग पोटात गेला आणि वर ऊन लागलं की डासांच्या अळ्या मरतात, असं भाईंनी कुठेतरी वाचलं होतं. अळ्या मरतात तर मुंग्यांनी काय घोडं मारलंय? साखरेच्या पाकात हळद कालवून त्यांनी बशी डब्याशेजारी ठेवली. कपाटात. दार लावून.

सकाळी अख्ख्या बिबवेवाडीच्या मुंग्या पंगतीला हजर. पिवळ्या पोटांची रांग थेट दिगंबररावांच्या ओट्यापर्यंत गेली. त्यांच्या सौभाग्यवती श्यामलाताई दारात आल्या.

"मन्सूरभाई, लग्न कुणाचं आहे?"

"का हो?"

"वऱ्हाड हळद लावून आमच्याकडे उतरलंय."

भाईंनी सगळं सांगितलं.

"अहो, पण कपाटात ऊन कुठून येणार?"

भाई डबा आणि बशी घेऊन गच्चीकडे धावले. जिन्यात बशी डब्यातच उपडी झाली. शेवया पिवळ्या झाल्या. भाई पायरीवर बसले ते उठेचनात.

श्यामलाताईंनी डबा हातातून काढून घेतला. "चला वर. भाभी दर उन्हाळ्यात शेवयांना ऊन द्यायच्या. तुम्ही कधी पाहिलंत?"

भाईंनी पाहिलं नव्हतं.

जुन्या धोतरावर शेवया पसरून दोघं निवडत बसली. उन्हाचा चटका बसताच मुंग्या निघून गेल्या. मेली एकही नाही.

ईदेला भाईंनी पहिली वाटी श्यामलाताईंना दिली. "तिच्या हातची चव आज घरात आहे, ती तुमच्यामुळे."

दिगंबररावांनी एक चमचा चाखला. "केशर सढळ हाताने घातलंत."

"हळद आहे ती."

चमचा थांबला. "मुंग्यांचीच?"

"तीच."

दिगंबररावांनी वाटी पुसून संपवली, आणखी एक मागून घेतली. मग मंडईत जायला उठले आणि दारातूनच परत फिरले.

"मन्सूरभाई, छत्री आहे का? बाहेर ऊन आहे."