सोनेरी स्लाइडची वॉरंटी

व्हर्लिन स्प्रॅगचं पिस्तूल फुटलं तेव्हा आसपास साक्षीला फक्त चार गाई होत्या, आणि त्यांनीही चरणं थांबवलं नाही. घरामागच्या माळावर सराव चालला होता. बत्तिसाव्या गोळीला पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, खिडकीपासून टोकापर्यंत चिरली.

खिडकी अशासाठी, की ही स्लाइड बाहेरून विकत घेतलेली होती, सोनेरी होती आणि तिला दोन्ही अंगांनी खिडक्या होत्या. "पडदे शिवून देऊ का?" असं त्याची बायको नेडीन तेव्हाच म्हणाली होती. सहा वर्षांत व्हर्लिनने नळी बदलली, स्प्रिंग बदलली, जांभळा चाप बसवला. काढलेले मूळ भाग देऊन टाकले. कंपनीचं म्हणावं असं त्या पिस्तुलात आता मूठ आणि तिच्यावर कोरलेला नंबर एवढंच उरलं होतं.

हे सगळं मेव्हण्यापायी. नेडीनचा भाऊ ओरिन टटल याच्याकडे अगदी तेच पिस्तूल होतं, खोक्यातून निघालं तसं. "नेम माणूस धरतो रे, लोखंड नाही," असं तो दर वर्षी स्पर्धा जिंकून झाल्यावर सांगायचा. यंदा पैज लागली होती. ड्राय फोर्क नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत जो हरेल त्याने जेवणाच्या वेळी सगळ्या गावासमोर उभं राहून कबूल करायचं, की दुसऱ्याचंच बरोबर होतं. व्हर्लिनने तीस वर्षं वायोमिंगच्या बर्फातून गॅसचा टँकर चालवला होता, पण 'तुझं बरोबर' हे शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. स्पर्धेला सतरा दिवस उरले होते.

त्याने स्लाइडवाल्यांना फोन लावला.

"आमची स्लाइड आपण होऊन चिरत नाही, सर," तिकडचा माणूस म्हणाला. "स्प्रिंग कुणाची आहे?"

व्हर्लिनने सांगितलं.

"मग झालं तर! भलतीच कडक असते ती. नवी स्लाइड हवी तर आठ आठवडे लागतील."

स्प्रिंगवाल्यांनी दोष नळीवर ढकलला. नळीवाले म्हणाले, मुठीचं माप चुकलं असणार, मूळ कंपनीला विचारा. मूळ कंपनीत ट्रीना नावाच्या बाई फोनवर आल्या.

"पिस्तुलात काही फेरफार केलेत का, सर?"

"छे हो. तुम्ही दिलंत तसंच आहे."

"बरं. एक फोटो पाठवता का?"

फोटो गेला.

"सर, आम्ही सोनेरी बनवत नाही."

"उन्हात तसं दिसतं ते."

"आणि चाप जांभळा दिसतो तो सावलीत का?" बाईंचा आवाज तसूभरही हलला नव्हता. "हे बघा, दुसऱ्यांच्या भागांची जबाबदारी आमची नाही. पण मूठ आमची आहे आणि मुठीची वॉरंटी आयुष्यभराची. तुम्ही आख्खं पिस्तूल पाठवा, आम्ही तपासतो. मी फॉर्म पाठवते, तो मात्र नीट वाचा."

व्हर्लिनने फॉर्मवर सही नीट केली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, खोकं परत आलं. वर पत्र होतं. मूठ तपासली, उत्तम आहे. मात्र असुरक्षित पिस्तूल कंपनीबाहेर सोडायचं नाही असा नियम असल्याने स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि चाप कंपनीचे नवे बसवले आहेत, विनामूल्य. काढलेले बाहेरचे भाग फॉर्ममधल्या कलम नऊनुसार नष्ट केले आहेत. खाली पिस्तूल होतं. काळं, साधं, हुबेहूब ओरिनच्यासारखं.

"फुकटात नवं झालं की!" नेडीन म्हणाली. "तोंड का पाडून बसलायस?"

"उद्या हे घेऊन गेलो तर नेम धरायच्या आधीच हरलो मी. तो मला बघूनच हसेल." व्हर्लिनने पिस्तूल उलटंसुलटं केलं. "तुझ्याकडे भोपळे रंगवायचा तो सोनेरी फवारा होता ना गं?"

खिडक्यांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोन लावून त्याने स्लाइडवर फवारा मारला, पट्टी काढली, आणि चार पावलांवरून तरी खिडक्या झाल्या. चाप नेडीनच्या नखांच्या रंगाने जांभळा केला. कुठलीही गोष्ट एवढं मन लावून बिघडवायची त्याची ही दुसरी वेळ होती.

शनिवारी पहिल्या फेरीत पोलादी तबकड्या सहाच्या सहा पडल्या. दुसऱ्या फेरीतही सहा. व्हर्लिनच्या हातून आजवर इतका नेम लागला नव्हता, आणि तबकडीगणिक त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या फेरीत ओरिनची एक हुकली. व्हर्लिनची एकही हुकली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिनने कुणाच्या तरी दुःखात सामील झाल्यासारखी मान हलवली.

ओरिन मात्र दिलदार निघाला. क्लबचे अध्यक्ष हॉलिस यांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केल्यावर तो पुढे आला. "बघू दे तरी, मला कशाने हरवलंस ते."

"कशाला? गरम आहे अजून."

"असू दे." ओरिनने पिस्तूल घेतलं, स्लाइड उजव्या तळव्यात घट्ट दाबून धरली, वजनाचा अंदाज घेतला आणि आदराने परत दिलं. "बारीक काम आहे बाबा."

सगळे जेवणाच्या टेबलांपाशी जमले. शिजलेल्या घेवड्याची, भाजलेल्या सॉसेजची ताटं भरली गेली. ओरिन बाकावर चढला. हॉलिस पूर्वी पोलिसांत होते, त्यांना गोष्टी रीतीने झालेल्या आवडत.

"उजवा हात वर, ओरिन. शपथेवर होऊ दे."

ओरिनने हात वर केला. "मी ओरिन टटल शपथेवर सांगतो, की व्हर्लिनचं बरोबर होतं. पिस्तुलाला बाहेरचे उत्तम भाग लागतातच, आणि..."

समोरची ऐंशी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याचा तळहात लखलखीत सोनेरी झाला होता आणि मधोमध कोरी, चौकोनी खिडकी उरली होती.

"तरी मी याला सांगत होते," नेडीन शेजारणीला म्हणाली, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "एक दिवस वाळू दे म्हणून."

ओरिनने तळहात डोळ्यांसमोर धरला. त्या खिडकीतून बघावं तसं त्याने व्हर्लिनकडे पाहिलं, मग बाकावरून खाली उतरला आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

"चढ," तो म्हणाला. "आणि हात वर कर."