मथूताईंच्या तसबिरीवरील टिकली

ज्यांची नावे कोणत्याही दप्तरी चढली नाहीत, त्या सर्वांस प्रथम नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, दोन प्रहरी अंबूताई सोनटक्के यांनी दप्तरखान्याच्या भिंतीवरील तसबीर उतरविली आणि मांडीवर घेऊन बैसल्या.

हा दप्तरखाना कोणाचा म्हणाल, तर पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, स्त्रियांसवे संसार केलेल्या स्त्रिया आणि जन्मीचे नाव टाकून आपले नाव घेतलेले लोक, यांचा. राज्याच्या इतिहासात त्यांचे पान नाही, घरोघरी त्यांच्या तसबिरी फाडिल्या गेल्या, म्हणोन शबनमगुरूंनी आपली ओसरी दिली आणि दप्तरदार निहारपंतांनी उरलेसुरले जमविणे आरंभिले. तेथे रिवाज असा की, ज्याचा रुकार नाही त्याचे मुख उघडे ठेवू नये. कोणाची नोकरी जाईल, कोणास घरचे मारतील. मग गुरूंच्या पेटीतील मुखभर थोरल्या टिकल्या मुखांवर चिकटवीत. टिकली नकलेवरच लावावी, हा नेम. परंतु भिंत सजविण्याच्या गडबडीत पंतांनी मथूताईंच्या अस्सल तसबिरीवरच टिकली दाबून बसविली.

मथूताई ही अंबूताईंची जन्माची सोबतीण. दोघींनी एका चुलीवर संसार केला, आणि मथूताई वारल्या, आणि भाचे आले, आणि त्यांनी सर्व तसबिरी बंबात घातल्या. तांदळाच्या डब्यात होती ती एक वाचली. पंत म्हणाले, मयताचा रुकार कोठून आणावा? अंबूताई आवाज न चढविता बोलल्या, “मरताना म्हणाली, आता तरी मला भिंतीवर लाव. भाच्यांनी जाळलं, तुम्ही झाकलंत. तिला दोन्ही सारखंच की हो, पंत.”

पंत टिकलीस नख लावू गेले, तों गुरूंनी मनगट धरिले. “ओढू नकोस रे बाळा. स्वस्तातली टिकली मी वापरत नाही, रात्रभर नाचले तरी हलत नाही ती. तोंडासकट निघेल.” पंतांनी हात मागे घेतला. अंबूताई म्हणाल्या, “सरका तिकडे. निजताना तिची टिकली मीच काढायचे. घाई केली की चिडायची.”

मग गुरूंचे केस वाळविण्याचे यंत्र आले, आणि पंतांनी दुरून ऊन वारा धरिला, आणि अंबूताईंनी शिवणाचा दोरा टिकलीखाली सारिला. इतक्यात बळवंत मास्तर, ज्यांची स्वतःची तसबीर तिसऱ्या खुंटीस झाकलेली होती, ते उठोन म्हणाले, “यांचं झालं की माझीही काढा. निवृत्त झालोय मी.” आणि मागून आणखी एक हात वर जाहला.

एकूण मजकूर इतका की, अस्सल तसबिरीस हात लावणे दप्तरखान्यात बंद जाहले आणि रुकार मागण्यास पंत आता आपण होऊन घरोघरी जातात. मथूताईंची हनुवटी, तीवरील गोंदणासह, शाबूत निघाली आहे. दोरा रोज केसभर सारीत ओठांपावेतो आणिला आहे. वर डोळे राहिले किंवा नाही, हे लिहितेसमयी कळले नाही.